म्हशीच्या दुधात टिकेल अशी कॉफी: पाच ठिकाणच्या बिया भाजून बघितल्या

कोल्हापुरात आमची छोटी रोस्टरी आहे, म्हणजे कॉफी भाजायचा कारखाना, पाच किलोचा ड्रम, गिऱ्हाईक म्हणजे तीन-चार कॅफे आणि घरी फिल्टर लावणारी काही मंडळी. या सीझनला मी आणि भावाने पाच प्रकारच्या हिरव्या बिया मागवल्या, चिकमगळूर, बाबा बुडनगिरी, अराकू, वायनाडची रोबस्टा (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी जास्त कडू तो, दुसरा अरेबिका) आणि मॉन्सून्ड मलबार, सगळ्या त्याच ड्रमवर भाजल्या आणि आधी नुसत्या पाण्यात मग दुधात पिऊन बघितल्या. दुधात मुद्दाम, कारण इथे कॉफी म्हशीच्या दुधातच जाते आणि नमुन्याच्या पाकिटावर चवीचं वर्णन म्हणून लिहिलेलं ते संत्रं, लिंबू वगैरे त्या घट्ट दुधात कुठे जातं कळतसुद्धा नाही.

बाबा बुडनगिरीचं नेमकं हेच झालं. पाण्यात पाचांत सगळ्यात सुंदर, स्वच्छ आंबटपणा, गार झाल्यावर अजून गोड लागते. उंचावरची बी, कडक, ड्रममध्ये सुरुवातीला उष्णता जास्त मागते. पण दूध घातलं की संपलं सगळं. काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी थोडी घ्या, ब्लेंडमध्ये टाकून वाया घालवू नका.

त्याच्या शेजारचंच चिकमगळूर (दोघांना २०१९ मध्ये वेगवेगळं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय) मात्र दुधात उभं राहतं. आमचा नमुना वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेला, प्लँटेशन ए ग्रेड (मोठ्या दाण्याची प्रत), सिलेक्शन ७९५ जातीचा. दाणे एकसारखे, त्यामुळे भाजणी पण एकसारखी, चव थोडी चॉकलेटकडे थोडी मसाल्याकडे. पाच किलोचे सव्वाचार किलो झाले, ही घट भाव ठरवतानाच धरा, नाहीतर महिनाअखेरीला हिशोब जुळत नाही.

अराकू म्हणजे आंध्रातल्या पूर्व घाटातलं, आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या छोट्या तुकड्यांवरचं. आम्हाला नॅचरल, म्हणजे फळासकट वाळवलेला लॉट मिळाला, पोतं उघडलं तर पिकलेल्या फणसासारखा वास! मला फार आवडली, एका कॅफेवाल्या दादांना दुधात ती आंबल्यासारखी लागली, आणि गिऱ्हाईकाची जीभ बघता त्यांचं बरोबर आहे.

आता मॉन्सून्ड मलबार. हा खरं तर लागवडीचा भाग नाहीच, मळे दुसरीकडे असतात आणि बिया पावसाळ्यात मंगळूरकडच्या गोदामांत पसरून ठेवतात, समुद्राची ओली हवा खाऊन त्या फुगतात आणि पिवळट होतात. पूर्वी शिडाच्या जहाजातून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवेत जे आपोआप व्हायचं ते आता मुद्दाम करतात. आंबटपणा जवळजवळ नाही, बॉडी, म्हणजे तोंडात लागणारा दाटपणा, जड, आणि म्हशीच्या दुधात पाचांत पहिला नंबर हिचाच. फक्त ड्रम नेहमीपेक्षा कमी तापवून घाला, बी ठिसूळ असते, बाहेरून पटकन काळी पडते, आणि ओलावा जास्त म्हणून वजन पण जास्त घटतं.

वायनाडची रोबस्टा धुतलेली घ्या, तेवढंच सांगते. कॅफिन अरेबिकाच्या साधारण दुप्पट, कडूपणा सरळ, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला अर्क, काळंभोर.

पण नुसतं भागाचं नाव बघून पोती उचलू नका हो, हे मनापासून सांगतेय. चिकमगळूरचाच दुसरा नमुना चंद्रगिरी जातीचा होता, त्याची चव अशी वेगळी की शेजारी ठेवला तर एकाच जिल्ह्यातलं वाटणार नाही. भाग, जात, उंची, प्रोसेस आणि तोडणीचं साल, पाचही विचारा. तसं हे सगळं विचारता येतं हीच मोठी गोष्ट आहे, कारण १९९० च्या दशकापर्यंत मळेवाल्यांना माल कॉफी बोर्डाच्या पूलमध्येच द्यावा लागायचा, तिथे सगळ्यांचा एकत्र व्हायचा, मग कुठल्या डोंगरावरची कोण सांगणार.

आणि साल तर विचाराच. आम्हाला एका व्यापाऱ्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला अरेबिका नवीन क्रॉप म्हणून दिली होती. अरेबिकाची तोडणीच साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, मग वाळवणं, साल काढणं, प्रतवारी, नवीन माल हातात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं. बिया फिक्या पडलेल्या, भाजल्यावर कपात तागाच्या पोत्याची चव, दोन पोती अख्खी गेली. तेव्हापासून शंभर-दोनशे ग्रॅमचा नमुना आधी भाजल्याशिवाय आणि मॉइश्चर मीटर लावल्याशिवाय (वॉश्डला दहा-अकरा टक्के आम्ही मानतो) आम्ही पैसे पाठवत नाही.

आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाच्या डोंगरात. तिथला नमुना अजून हाती लागला नाही, लागला की सगळी कामं बाजूला ठेवून पहिला तो भाजणार आहे.

सध्या कॅफेच्या ब्लेंडला अर्धी चिकमगळूर, तीस टक्के मॉन्सून्ड मलबार आणि वीस टक्के वायनाड असं ठरलंय, तिन्ही वेगवेगळ्या भाजून मग मिसळतो. घरच्या फिल्टरवाल्यांना वायनाड थोडी वाढवून देतो. बाबा बुडनगिरीचं एकच पोतं घेतलं, ते काळी पिणाऱ्यांसाठी बाजूला ठेवलंय.