ऑनलाइन ‘डिप्लोमसी’ : इंदूरहून खेळतानाचा अनुभव

‘डिप्लोमसी’त फासे नाहीत आणि पत्तेही नाहीत. नशीब एकदाच आडवं येतं, कोणाला कोणता देश मिळाला त्या वेळी. पुढचं सगळं सात माणसं एकमेकांना काय म्हणाली आणि प्रत्यक्षात त्यांनी काय केलं, यावर चालतं. हा युद्धाचा बोर्डगेम आम्ही मित्रमंडळी गेल्या पावसाळ्यापासून ऑनलाइन खेळतोय. एक डाव संपला की दुसरा लावतो. आपल्या ग्रुपसाठी असं काही शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही तिघं इंदूरचे, लोकमान्य नगर आणि रामबागेतले, शाळेपासून एकत्र. ग्वाल्हेरला माझा मामेभाऊ, त्याला ग्रुपमध्ये सगळेच दादा म्हणतात. बडोद्याला आमची एक मैत्रीण, लग्नानंतर तिकडची झालेली. उरलेले दोघं नोकरीमुळे पुण्यात. खेळाला सात जण लागतात आणि छापील बोर्डावरचा डाव सहा-सात तास सहज खातो. सात घरची सात माणसं एवढा वेळ एका टेबलाशी बसणं दिवाळीतसुद्धा जमत नाही. ऑनलाइनची सोय नसती तर हा खेळ आमच्या वाट्याला आलाच नसता.

अ‍ॅलन कॅलहॅमर या हार्वर्डमध्ये शिकलेल्या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये तो रचला. कंपन्या घेईनात तेव्हा १९५९ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. १९६३ पासून लोक तो टपालाने खेळू लागले. हुकूम, म्हणजे कुठल्या तुकडीने काय करायचं ते, पाकिटातून जायचे आणि निकाल छापून घरी यायचा. कॅलहॅमरने पुढे पोस्टमनची नोकरी केली, हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. आजचा ऑनलाइन डाव त्या टपाली डावाचाच वारस आहे. दिवसभराच्या कामांत अधूनमधून विचार करायचा आणि रात्रीपर्यंत हुकूम द्यायचा, ही सवय या खेळाला साठ वर्षांपासून आहे. म्हणून तो स्क्रीनवर आणल्यावर काही हरवल्यासारखं वाटत नाही.

नकाशा पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपचा. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया, तुर्कस्तान. डाव १९०१ च्या वसंतात सुरू होतो. प्रत्येकाकडे तीन तुकड्या, रशियाकडे चार. ७५ प्रांत, त्यांतले १९ समुद्र. ३४ सप्लाय सेंटर, म्हणजे तुकड्या पोसणारी ठाणी. जितकी सेंटर तितक्या तुकड्या, आणि १८ ज्याच्या हाती आली तो जिंकला. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सगळे जण गुपचूप हुकूम लिहितात आणि ते एकदम उघडतात. एवढं कळलं की खेळायला सुरुवात करता येते.

खरी गोम सपोर्टमध्ये आहे. फौज असो की आरमार, प्रत्येक तुकडीचं बळ एकच. बसलेल्या तुकडीला एकटी तुकडी हलवू शकत नाही, तिला दुसरीचा सपोर्ट, म्हणजे तिच्या बळाची जोड, लागतो. तो सपोर्ट आपल्याच तुकडीचा असायला हवा असं नाही, आणि सुरुवातीला तीनच तुकड्या असल्यामुळे तो बहुतेक वेळा दुसऱ्याकडूनच मागावा लागतो. आमच्या एका डावात मी तुर्कस्तान होते आणि दादा रशिया. ऑस्ट्रियाची फौज सर्बियात, तिला बुडापेस्टमधून सपोर्ट. माझी फौज बल्गेरियात. दादाने रुमानियातून मला सपोर्ट दिला असता तरी दोनास दोन, म्हणजे हल्ला फसणार. मग त्याने गॅलिशियातली फौज बुडापेस्टवर घातली. ती आत शिरणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण ज्या तुकडीवर हल्ला होतो तिचा सपोर्ट तुटतो. बुडापेस्टचा तुटला आणि सर्बिया पडलं. तीन हुकुमांतला फक्त एक माझा होता. बाकीचे दोन दादाने शेवटच्या तासात बदलले असते तर मला निकाल उघडल्यावरच कळलं असतं. त्या रात्री साडेदहा वाजेपर्यंत पोटात गोळा होता, आणि नकाशा बदललेला दिसला तेव्हाचा आनंद मला इतर कुठल्याही व्हिडिओ गेममध्ये मिळालेला नाही.

आम्ही वेबडिप्लोमसीवर खेळतो. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे. बॅकस्टॅबर नावाची दुसरी साइटही फुकट आहे आणि तिचा सँडबॉक्स, म्हणजे सरावाचा नकाशा, चाली आजमावायला उत्तम. अवघड शरदाच्या आधी मी तिथे सातही देशांचे हुकूम टाकून काय होतंय ते बघते. वेबडिप्लोमसीवर आपल्यापुरता खासगी डाव लावता येतो आणि फेजची, म्हणजे हुकुमांच्या एका फेरीची, मुदत पाच मिनिटांपासून कित्येक दिवसांपर्यंत ठेवता येते. हुकूम नुसते सेव्ह करा किंवा ‘रेडी’ करा. सगळे रेडी झाले की घड्याळाची वाट न पाहता फेज पुढे सरकते. माघार आणि हिवाळ्यातली नवी भरती या छोट्या फेज अशाने लवकर उरकतात.

मुदत किती ठेवायची, हा नव्या ग्रुपसाठी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. बारा तास नोकरदारांना झेपत नाहीत. तीन दिवस ठेवले तर बोलण्यातला जीवच जातो. चोवीस तास नेमके बसतात. आमची वेळ रात्री साडेदहाची, कारण तोवर सगळ्यांकडची जेवणं उरकलेली असतात, आणि निकाल बघून ज्याला सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचंय त्याला तेव्हाही जाता येतं. या हिशेबाने एक डाव साधारण महिना-सव्वा महिना चालतो. मध्ये पॉज घेता येतो, पण त्याला खेळणाऱ्या सगळ्यांची मतं लागतात, म्हणून दोन दिवस आधीच मागावा. रंगपंचमीला इंदूरचे तिघंही गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, असतो, त्या दिवसाचा पॉज आमच्याकडे न मागताच मिळतो.

साइटवर मेसेजची सोय आहे, पण आमची बोलणी व्हॉट्सअॅपवर आणि फोनवरच चालतात. डाव सुरू झाला की पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला सहा वेगवेगळे संवाद सुरू करावे लागतात. ‘भिया, काळ्या समुद्रात दोघं मिळून बाउन्स करायचा का?’ हा ठरलेला पहिला प्रश्न. रशिया आणि तुर्कस्तान दोघंही तिथे आरमार पाठवतात, टक्कर होते, दोघंही बाहेर राहतात आणि समुद्र रिकामा राहतो. एकमेकांवर पुरता विश्वास नसतानाही करता येतो असा हा करार आहे. रशिया-ऑस्ट्रियामध्ये गॅलिशियाबद्दल तसंच चालतं. नव्या माणसाला मी नेहमी यापासून सुरुवात करायला सांगते. शब्द पाळला गेला की नाही हे त्याच रात्री नकाशावर दिसतं आणि पाया घातला जातो.

एक डाव मात्र मनात घर करून बसलाय. आमचा डॉक्टर मित्र इंग्लंड होता, बडोद्याची मैत्रीण फ्रान्स. इंग्लिश खाडीत दोघांनीही जायचं नाही असं ठरलं होतं. पहिल्याच वसंतात लंडनचं आरमार खाडीत शिरलं. तिचं ब्रेस्टचं आरमार तोवर मध्य अटलांटिकमध्ये गेलेलं, शरदात पोर्तुगाल घ्यायला. आता पोर्तुगाल घ्यावं की घर राखावं? तिने पोर्तुगाल सोडलं आणि आरमार ब्रेस्टकडे परत वळवलं. इंग्लंडनेही ब्रेस्टवरच हुकूम दिला होता. टक्कर झाली, ब्रेस्ट वाचलं. मग तिने इंग्लंडने दिलेला शब्द, जसाच्या तसा, कुठलीही चिडचिड न करता बाकी पाच जणांना पाठवला. जर्मनी त्याच संध्याकाळी तिच्या बाजूला गेला. १९०३ मध्ये उत्तर समुद्रात जर्मन आरमार होतं आणि १९०४ मध्ये लिव्हरपूलवर तिचं. चढाई करण्याइतकं बळ तिच्याकडे सुरुवातीला नव्हतंच. तिच्याकडे एक खरा मेसेज होता आणि तो कधी दाखवायचा याची समज होती. पुढच्या डावात डॉक्टरला इटली मिळाला, त्या डावात त्याने एकही शब्द मोडला नाही आणि तो शेवटपर्यंत टिकला.

इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा एका ग्रुपमध्ये असल्यावर होळकर, शिंदे आणि गायकवाड निघणारच. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा हरवल्या, दुसऱ्या बाजीरावाने डिसेंबरच्या अखेरीस वसईला इंग्रजांशी तह केला. बडोद्याच्या गायकवाडांनी त्याच वर्षी इंग्रजांचा हात धरलेला होता. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले असईला लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा शिंदे आणि भोसले त्यांच्या बाजूला नव्हते. डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारीत मंदसौरचा तह. शाळेत या नुसत्या तारखा होत्या. सपोर्ट न मिळाल्यामुळे हातचा प्रांत जाताना एकदा पाहिलं की त्या तारखा वेगळ्या वाचल्या जातात. दादाशी माझं यावर तासन्‌तास बोलणं झालंय, आणि तो इतिहास आम्ही दोघंही आता लहानपणीपेक्षा जास्त आपुलकीने वाचतो.

आता अडचणी. सगळ्यात मोठी म्हणजे हुकूम न देणारा खेळाडू. त्याच्या तुकड्या जागच्या जागी उभ्या राहतात, एका शेजाऱ्याला आयतं सेंटर मिळतं आणि ज्याने त्याच्या भरवशावर चाल केली तो उघडा पडतो. सहा जणांचे पंधरा दिवस त्यात वाया जाऊ शकतात. किती चुकलेल्या फेज माफ करायच्या हे डाव लावतानाच ठरवता येतं. आम्ही एकच ठेवतो, आणि ज्याच्या घरी लग्न किंवा परीक्षा आहे त्याला त्या महिन्यात आग्रहच करत नाही.

दुसरी अडचण लवकर बाहेर पडणाऱ्याची. कोणी १९०४ मध्ये संपला तर त्याने पुढचे तीन आठवडे काय करायचं? त्याच्यासाठी आम्ही दोघांचा फ्रान्स विरुद्ध ऑस्ट्रिया हा छोटा डाव लावतो. तो थोड्या वेळात होतो आणि सपोर्ट आणि कॉन्व्हॉय (आरमाराने फौज समुद्रापार नेणं) हाताला बसायला चांगला आहे. मेसेज बंद ठेवून खेळायचा ‘गनबोट’ प्रकारही आहे. चाली शिकायला ठीक आहे, पण मला तो रुचत नाही. ज्यासाठी मी या खेळाकडे आले तेच त्यात नाही.

मोबाइलच्या स्क्रीनवर बाल्कन प्रांत फार दाटीने दिसतात. नकाशा मोठा करून, एकेक हुकूम वाचून मगच रेडी करावं. स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन किनारे आहेत, तिथे आरमार नेताना किनारा नीट निवडावा. नवख्याला इटली किंवा ऑस्ट्रिया मिळाला तर जवळच्या कोणीतरी पहिल्या दोन वर्षांत सांभाळून घ्यावं. तुर्कस्तान कोपऱ्यात असल्यामुळे शिकायला सोपा पडतो.

सात जण जमत नसतील तर संगणकाचे बॉट घेऊनही खेळता येतं. मेटा कंपनीच्या ‘सिसेरो’ या एआयने याच साइटवर माणसांबरोबर ४० डाव खेळले होते, मेसेज पाठवून वाटाघाटी करत, आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांमध्ये तो वरच्या १० टक्क्यांत आला, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. ऐकायला थक्क करणारं आहे. पण दादाच्या ‘बघतो’ या एका शब्दाचा अर्थ लावण्यात जी मजा आहे ती मला बॉटकडून नको आहे.

ग्रुपवर पूर्वी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड यांपलीकडे काही नसायचं. आता रोज कोणाचा ना कोणाचा फोन येतो. बोलणं बेल्जियमवरून सुरू होतं आणि पुण्याच्या मित्राच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर येतं. हे मला या खेळाने दिलं आणि त्याची किंमत मला फार वाटते.

शेवटी गुणांबद्दल, कारण नवे ग्रुप इकडे लक्ष देत नाहीत. मित्रांमधले बरेच डाव कोणी १८ गाठण्याआधीच ड्रॉने संपतात, आणि ड्रॉचे गुण कसे वाटायचे हे सुरुवातीलाच निवडावं लागतं. एका पद्धतीत शिल्लक राहिलेल्या सगळ्यांना सारखे गुण. दुसरीत सेंटरच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे. समजा तिघं उरले, १५, १० आणि ९ सेंटर घेऊन. पहिल्या पद्धतीत प्रत्येकाला तिसरा हिस्सा. दुसरीत २२५, १०० आणि ८१ या प्रमाणात, म्हणजे साधारण ५५, २५ आणि २० टक्के. पहिली पद्धत न्याय्य वाटते, पण तिच्यात दोन सेंटरवाल्या दुबळ्याला संपवलं की प्रत्येकाचा वाटा वाढतो, म्हणून सगळे त्याच्यावरच तुटून पडतात. वर्गाच्या पद्धतीत दोन सेंटरवाल्याचा वाटा जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्याला मारण्यापेक्षा त्याचा सपोर्ट मिळवणं जास्त फायद्याचं. ही पद्धत घेतल्यापासून आमच्याकडे बहुतेक जण शेवटच्या आठवड्यापर्यंत डावात असतात आणि त्यांना फोन करावाच लागतो.