घशाखाली घास अडकला तर: एन्झाइमच्या गोळ्या की सरळ एंडोस्कोपी?

दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय, डॉक्टर नाही मी. आणि श्वास कोंडण्याबद्दल हे नाही हां, तिथे विचार करायला वेळच नसतो. इथे श्वास चालू, बोलता येतंय, फक्त मांसाचा तुकडा छातीच्या मधोमध रुतून बसलाय.

एन्झाइमवाली बाजू ऐकायला पटते. पपेन हे एन्झाइम पपईच्या चिकातून काढतात, ते प्रोटीन तोडतं, मांस मऊ करायच्या पावडरीत तेच असतं, आणि १९४५ मध्ये डॉक्टरांनीच हा उपाय छापून आणला होता, म्हणजे अगदीच येरागबाळ्याचं काम नाही. पहिल्या वेळी मीपण चावायच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घोट घोट घेतल्या आणि तीन तासांनी घास खाली गेला. सगळं श्रेय गोळ्यांना देऊन टाकलं! आता वाटतं तो आपला आपणच गेला असावा, बरेच जातात तसे.

दुसऱ्या वेळी मात्र पुरता वैताग. अन्ननलिका खालून बंद असेल तर औषध जाणार कुठे, तुंबलेल्या मोरीसारखं वर साचतं आणि दोन मिनिटांनी लाळेच्या फेसासकट बाहेर. मांडीवर थुंकायला एक मग घेऊन तासभर हेच चाललेलं. शेवटी हॉस्पिटलात गेलो तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं काय प्यायलात, कधी? म्हटलं आत्ताच, गाडीत. त्यांचा चेहराच उतरला. ते साचलेलं पाणी फुफ्फुसात गेलं तर घास राहतो बाजूला आणि भलतंच होऊन बसतं, म्हणून आधी श्वासनलिकेत नळी घालावी लागली. माझा निकाल तिथेच लागला. शिवाय पपेनला मांसाचा तुकडा कुठला आणि तुमची अन्ननलिका कुठली हे कळत नाही, नळीला भोक पडून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत, म्हणूनच डॉक्टरांनी ते सोडून दिलं.

एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालणं, काही मजेची नाही, अर्धा दिवस जातो, खर्च होतो, घसा दोन दिवस खवखवतो. पण तुकडा हलकेच पोटात ढकलला आणि जाता जाता बायोप्सी घेतली, त्यात इओसिनोफिलिक इसोफेजायटिस निघाला, म्हणजे ॲलर्जीसारख्या सुजेने नळीच आखडत चाललेली. हे गोळ्यांनी कधी सांगितलं असतं? औषध चालू आहे, नंतर अडकलं नाही.

जेवणानंतर पोट जड वाटतं म्हणून कोणी एन्झाइम घेत असेल तर माझं काही म्हणणं नाही, तो विषय वेगळा. अडकलेल्या घासाला मात्र मी तरी परत देणार नाही. लाळ गिळता येत असेल तर धावपळ जरा कमी, तरी २४ तासांच्या आत काढायला सांगतात. थुंकीच गिळता येत नसेल तर युरोपातल्या गाईडलाइनप्रमाणे शक्यतो २ तासांत, फार तर ६, तेव्हा लगेच निघा. वाटेत घोटभर पाणीसुद्धा नको, थुंकायला रिकामा मग तेवढा बरोबर असू द्या.