मालवणातली घरगुती खानावळ: न जेवणाऱ्या बाईचा अभिप्राय

घशाच्या कॅन्सरच्या रेडिएशननंतर मला गिळता येत नाही. घास श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून पोटाला नळी बसवली आहे. भूक भागते हो, पण आपल्याकडे बारसं असो, गणपती असो, खरं बोलणं होतं ते पंगतीत. घरची माणसं माझ्या नजरेआड, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उरकायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, चला, मालवणात मासे खायला.

एका हॉटेलात 'माणशी थाळी घ्यावीच लागेल' ऐकून आम्ही उठलो आणि बंदराच्या रस्त्यावरच्या या खानावळीत आलो. सुनेने मालकीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या थेट माझ्याशीच बोलल्या, "वयनी, तुमी मधी बसा. ताट मांडू काय तुमका?" मी म्हटलं, मांडा. त्यातली सुरमईची तुकडी नातवाने उचलली आणि सोलकढी दिरांनी.

गरम पाणी न मागता आलं. घरून नेलेली गाळलेली पातळ पेज सुनेने सिरिंज उंच धरून हळूहळू सोडली, मागून पाणी सोडलं, नाहीतर नळी चोंदते. वाढणारी मुलगी वाढत राहिली, टक लावून बघत बसली नाही.

आता जेवणाचं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नुसती ठेचून टाकलेली, वाटलेली नव्हेत. वाटी नाकाशी धरली तर वाफेबरोबर संत्र्याच्या सालीसारखा झणका आला. सुरमईचा रवा मोडताना कुरकुरत होता, तेल निथळलेलं होतं. सोलकढीत लसूण जास्त, हे मी वासावरून सांगितलं आणि दिरांनी पिऊन मान्य केलं. मग तिखल्यात आमसुलं कमी की बरोबर यावर आमचा चांगलाच वाद रंगला. इतकी वर्षं घरात तिखलं मीच करत होते, त्यामुळे निवाडाही माझ्याकडेच आला. आजारपणानंतर जेवणाबद्दल माझं मत कुणी पहिल्यांदाच विचारलं.

नळीतून घेतल्यावर निदान अर्धा तास ताठ बसावं लागतं. ताटं उचलली, तरी बिलाची घाई केली नाही. माझ्या ताटाचे पैसे लावले, ते योग्यच.

दाराशी पायऱ्या उंच आहेत आणि धरायला कठडा नाही, तो बसवायला हवा. रविवारी दुपारी जाऊ नका, बाहेर लोक ताटकळत असतात, निवांत बसणं जमत नाही.