इनडोअर बोल्डरिंग: चाळिशीत सुरू केलं, त्याला आता आठ-नऊ महिने होतील

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या एका बोल्डरिंग जिमची मेंबरशिप घेतली, आता होळीही होऊन गेली. वजन फारसं हललेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बारीक व्हायचं म्हणून कोणी येणार असेल तर पैसे वाचवा.

बोल्डरिंग म्हणजे दोरीशिवायची चढाई. भिंत साधारण चार मीटर उंच, खाली फूटभर जाडीची मॅट. भिंतीवर हातापायांनी धरायच्या रंगीत खुंट्या बसवलेल्या असतात, त्या होल्ड्स. एका रंगाच्या होल्ड्सचा एक मार्ग, त्याला सगळे 'प्रॉब्लेम' म्हणतात. टेप लावलेल्या होल्डवरून सुरुवात करायची, शेवटच्या होल्डवर दोन्ही हात स्थिरावले की झालं. पहिल्या दिवशी शिकवतात ते मात्र पडायला: दोन्ही पायांवर यायचं, गुडघे वाकू द्यायचे, पाठीवर लोळायचं, हात छातीशी. मागे हात टेकून सावरायला गेलं की मनगट किंवा कोपर दुखावतं. वरून उडी मारण्यापेक्षा जमेल तितकं खाली उतरत यावं. चाळिशीच्या गुडघ्यांना तर ते फारच मानवतं.

ट्रेकिंगची सवय असल्यामुळे दम भरपूर होता, पण इथे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. एक प्रॉब्लेम अर्ध्या-एका मिनिटात आटोपतो. मग खाली येऊन तीन-चार मिनिटं नुसतं बसायचं. दीड तासातली प्रत्यक्ष भिंतीवरची दहा-पंधरा मिनिटं झाली तरी पुष्कळ. व्यायाम म्हणजे घामाच्या धारा, अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला हे बसणं जड जातं. पण खेळाची निम्मी गंमत त्या मॅटवरच आहे. टोकियो आणि पॅरिस अशी दोन्ही ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणाऱ्या यान्या गार्नब्रेटचे व्हिडिओ पाहा, चढण्याआधी तीही खाली उभी राहून भिंत वाचत असते, म्हणजे कुठला हात-पाय कुठे टाकायचा ते ठरवत असते.

शिवाय मॅटवर शिकवणारे फुकट भेटतात. एका निळ्या प्रॉब्लेमवर मी नुसती लोंबकळत होते, तेव्हा सहावी-सातवीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, छाती भिंतीकडे कशाला? उजवी कंबर आत घ्या ना." उजव्या बुटाची बाहेरची कड होल्डवर ठेवली, कंबर वळवून भिंतीला चिकटवली, डावा हात न वाकवता सरळ ठेवला आणि उजवा हात आपोआप वीतभर वर गेला. जोर काही वाढला नव्हता. भिंतीपासून लांब राहिलेलं अंग बोटांना ओढत होतं, ते जवळ आलं इतकंच.

आता बोटांबद्दल, कारण इथेच बहुतेकांचा घात होतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण बोटांमधले कंडरे आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे महिनोन्‌महिने घेतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगात जोर आलेला असतो आणि बोटं मागेच असतात. नेमकी तेव्हाच लोकांना बारीक कडेचे क्रिम्प होल्ड खुणावू लागतात. आमच्या बॅचमधला एक जोरबैठकावाला गडी दुखावलेली अनामिका धरून दोन महिने घरी बसला. मी आठवड्यातून दोनदाच जाते, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीचा कातळ ओला, म्हणून बाहेर चढणारी सगळी मंडळी आत येतात. त्यात दमट हवा. गोलगरगरीत स्लोपर होल्डवर तळवा टिकत नाही, पकडीसाठी हाताला लावलेल्या चॉकच्या पावडरचा लगदा होतो. स्पिरिट मिसळलेला पातळ चॉक तेव्हा बरा पडतो. आमच्या जिममध्ये पंखे दोनच आहेत आणि तेही भलतीकडे तोंड करून! तक्रार वहीत लिहून झाली, पंखे तिथेच.

ग्रेडचं, म्हणजे प्रॉब्लेम किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याचं, फार मनावर घेऊ नका. व्ही-झिरो, व्ही-वन ही मोजणी अमेरिकेतल्या ह्युको टँक्सच्या खऱ्या दगडांवर सुरू झाली. जिममध्ये ती होल्ड लावणाऱ्याच्या अंदाजावर चालते. एकीकडचा व्ही-टू दुसरीकडे व्ही-वनपेक्षा सोपा निघतो.

शूज पहिले दोन-तीन महिने भाड्याचेच वापरा, वास सहन करा. विकत घेताना बोटं पुढे टेकतील इतके घट्ट घ्या, पण डोळ्यांत पाणी आणणारे नकोत. मेंबरशिपही वर्षाची नको, तीन महिन्यांची घ्या. आणि जमत असेल तर सकाळची बॅच धरा, संध्याकाळी सातनंतर मॅटवर बसायलाही जागा नसते.