जुना फंक्शन जनरेटर की नवीन स्वस्त डीडीएस?

फंक्शन जनरेटर म्हणजे सर्किट तपासायला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची साइन, स्क्वेअर, ट्रँगल वेव्ह काढून देणारं यंत्र. दोन आठवडे दोन्ही प्रकारचे बेंचवर शेजारी शेजारी ठेवून वापरतोय. जुना म्हणजे सेकंडहँड ॲनालॉग, 2 मेगाहर्ट्झचा, समोर मोठा डायल आणि रेंजची बटणं. नवीन म्हणजे डब्याएवढा डीडीएस, म्हणजे वेव्ह डिजिटल पद्धतीने आकड्यांवरून बनवणारा.

जुना पहिल्यांदा चालू करून फ्रिक्वेन्सीचा नॉब फिरवला तर स्कोपवर (ऑसिलोस्कोप, वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) वेव्ह बेडकासारख्या उड्या मारायला लागली. पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) घाण झालेलं असतं बाकी काही नाही, प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवलं, गेलं. ॲटेन्युएटर, म्हणजे आउटपुट ठराविक पटीत कमी करणारा भाग, मात्र घ्यायच्या आधीच तपासा. 20 डीबीचं बटण दाबलं की स्कोपवर व्होल्टेज बरोबर दहावा भाग व्हायला पाहिजे, नाही झालं तर बहुतेक आधीच्या मालकाने आउटपुटमध्ये बाहेरून व्होल्टेज घुसवून आतले रेझिस्टर भाजलेत. आणि हे 50 ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) लावून बघा, नाहीतर व्होल्टेज दुप्पट दिसतं आणि आपण उगाच मशीनला नावं ठेवतो.

याचा साइन म्हणजे खरं तर ट्रँगलच, डायोडने घासून गोल केलेला. नीट बघितलं तर माथ्यावर बारीकसं टोक दिसतं. ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन, म्हणजे तो वेव्हचा आकार किती बिघडवतो ते, मोजायला हा उपयोगाचा नाही, त्याला मुळातच स्वच्छ साइन काढणारा वीन ब्रिज ऑसिलेटर लागतो (एचपीचं पहिलं प्रॉडक्ट, 200ए, तोच होता, आत एक छोटा बल्ब टाकून ॲम्प्लिट्यूड स्थिर ठेवायचे, भारी डोकं). शिवाय ड्रिफ्ट आहेच, 1 किलोहर्ट्झ लावून चहा पिऊन आलं की आकडा सरकलेला, त्यामुळे अर्धा तास तापू द्यायचा.

डीडीएसला ही कटकट नाही, आत क्रिस्टल असतो, आकडा टाकला की तिथेच थांबतो, स्वीप (फ्रिक्वेन्सी आपोआप सरकवत नेणं) आहे, हवी ती वेव्ह काढता येते. पण आतल्या क्लॉकला स्क्वेअर वेव्हच्या फ्रिक्वेन्सीने पूर्ण भाग जात नसेल तर कड थरथरते, 100 मेगासॅम्पलला (सेकंदाला 10 कोटी नमुने) 10 नॅनोसेकंदपर्यंत. ऑडिओवाल्याला फरक नाही पडत, डिजिटल सर्किटला क्लॉक म्हणून देणार असाल तर पडतो.

आणि एक गोष्ट खरंच बघा, माझ्याकडच्याला दोन पिनचा सप्लाय आहे. बीएनसीच्या (आउटपुटचं गोल धातूचं कनेक्टर) कडेला बोट लावलं तर मुंग्या येतात, कारण स्विचिंग सप्लायमधल्या वाय कॅपॅसिटरमधून (गोंगाट दाबायला मेन्स आणि आउटपुटच्या मध्ये जोडलेला) मेन्स थोडा गळतो. करंट कमी असतो, पण ग्राउंड जोडायच्या आधी सिग्नलची तार लागली तर नाजूक इनपुट उडू शकतं. मी ग्राउंडला वेगळी अर्थिंग दिली. जुन्याला तीन पिन, तिथे हा प्रश्नच नाही.

रेडिओच्या कामाला दोन्ही विसरा. तिथे एचपी 8640बी सारखी सिग्नल जनरेटरची धुडं बघा, 512 मेगाहर्ट्झपर्यंत जातं, सिग्नल एकदम स्वच्छ, पण आतले प्लॅस्टिकचे गियर तडकतात, म्हणून सगळे नॉब फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

स्कोप असेल आणि एकच घ्यायचा असेल तर मी जुनाच घेईन. फिल्टर ट्यून करताना नॉब हळूच फिरवून पीक कुठे येतो ते जे हाताला कळतं ते मेनूत एकेक अंक निवडून नाही कळत. विकणारा चालू करून दाखवत नसेल तर मात्र सरळ डीडीएस घ्या.