सन टाइप ५ कीबोर्ड: आठ महिने रोज हाताखाली

जानेवारीत पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर, वायरींच्या भेंडोळ्याखाली दबलेला हा कीबोर्ड दिसला. धूळ झटकली तर डाव्या टोकाला बटणांच्या दोन उभ्या रांगा: स्टॉप, अगेन, प्रॉप्स, अनडू, फ्रंट, कॉपी, ओपन, पेस्ट, फाइंड, कट. साडेतीनशे रुपये सांगितले, मी घासाघीस केलीच नाही. तेव्हापासून रोजचे सहा-सात तास, कोड आणि मराठी मजकूर दोन्ही, याच्यावरच चाललंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हा सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीच्या स्पार्कस्टेशन संगणकांबरोबर १९९० च्या दशकात यायचा. कंपनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. चार संस्थापकांपैकी विनोद खोसलांचा जन्म पुण्याचा, आणि मजकूर लिहिण्याचा व्हीआय हा एडिटर लिहिणारे बिल जॉयही त्याच चौघांत. त्या यंत्रांवर माउस कीबोर्डलाच जोडायचा, आणि स्टॉप दाबून ए दाबलं की चालू सिस्टिम थांबून थेट ओपनबूटचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, ‘ओके’ समोर यायचा.

आधी जोडणीचं सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. प्लग गोल असला तरी जुन्या पीसी कीबोर्डांच्या पीएस/२ चा नाही. त्याला सहा पिना, याला आठ. पीएस/२ चा तयार कन्व्हर्टर चालत नाही. आत साधं सीरियल आहे, म्हणजे एकामागून एक बिट, १२०० बॉडचं (सेकंदाला १२०० बिट). मी एक प्रो मायक्रो बोर्ड (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घेतला, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या तारा जोडल्या आणि दोन संध्याकाळी नुसता कचरा वाचत बसलो. मग लक्षात आलं की याचा सिग्नल उलटा असतो. प्रोग्रॅममध्ये तो उलटून घेतला आणि पुढच्याच क्षणी आकडे रांगेत यायला लागले: ए दाबलं की ७७, सोडलं की २०५ (म्हणजे त्यातच १२८ मिळवलेले), आणि सगळी बटणं सुटली की १२७. तीस वर्षं मुका पडलेला कीबोर्ड बोलायला लागला, तो आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

आता हाताला कसा लागतो ते. जुने कीबोर्ड जमवणारे याला फारसं मोजत नाहीत, कारण आत रबर डोम (बटणाखालच्या रबराच्या टोप्या) आहेत. माझ्याकडे आयबीएमचा मॉडेल एमसुद्धा आहे, एका मित्राने अमेरिकेहून बॅगेत घालून आणलेला. त्याच्या प्रत्येक बटणाखाली वाकणारी स्प्रिंग आहे, आणि नुसत्या बोटांच्या सुखाचा प्रश्न असेल तर मॉडेल एम सरस, यात वाद नाही. पण त्याच्या आतल्या प्लॅस्टिकच्या रिव्हेट तुटतात. माझा हलवला की काळे तुकडे खुळखुळतात. शिवाय रात्री अकरानंतर त्याच्यावर टाइप केलं की शेजारच्या खोलीतून मुलगी हाक मारते, ‘बाबा, बास ना!’ सनचा स्पर्श मऊ आहे, तरी लिबलिबीत नाही. अक्षर कुठे लागलं ते बोटाला कळतं. आठ महिन्यांनी टेबलावर हाच राहिला, आणि त्याचं खरं कारण स्पर्श नाही, मांडणी आहे.

माझा युनिक्स मांडणीचा आहे. कंट्रोल ए च्या शेजारी, एरवी जिथे कॅप्स लॉक असतो तिथे. एस्केप १ च्या बटणाशेजारी. जपानचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड १९९६ मध्ये आला, त्याची मांडणीही सनच्याच जुन्या टाइप ३ च्या वळणाची. माझी डावी करंगळी पूर्वी संध्याकाळपर्यंत भरून यायची. मार्चपासून ते बंद झालं. ईमॅक्स या एडिटरमध्ये तर कॉपी, कट, पेस्टला काही सेटिंग करावं लागलं नाही, सनची ही बटणं त्याच्या ओळखीची आहेत. ब्राउझरसाठी मात्र फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्रो मायक्रोवरच्या प्रोग्रॅममध्ये, सोय करावी लागली. दोन बटणांतून तिसरं चिन्ह काढणाऱ्या कंपोझ बटणाची मला सवयच लागली आहे: इंग्रजी लेआउटवर कंपोझ, आर आणि बरोबरचं चिन्ह, की ₹ हजर.

मराठीला मात्र एक जागा दुखरी निघाली. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ॉ बॅकस्लॅशवर (\) असतो. नेहमीच्या कीबोर्डवर तो एंटरच्या वर, उजव्या करंगळीच्या टप्प्यात. इथे बॅकस्लॅश आकड्यांच्या रांगेत पार उजवीकडे गेलाय आणि त्याच्या जागी बॅकस्पेस. त्यामुळे ‘डॉक्टर’ लिहायला गेलो की ड पुसला जायचा. ‘ऑफिस’, ‘कॉलेज’, ‘हॉस्पिटल’, दिवसात किती वेळा लिहितो आपण! पंधरा दिवस सोसलं, मग प्रॉप्सच्या बटणावर बॅकस्लॅश बसवला. आता ॉ डाव्या करंगळीने निघतो आणि शिफ्ट धरून ऑ. महिन्याभरात हाताला वळण पडलं.

तक्रारी आहेत. रुंदी दोन वीत भरते, माउस लांब जातो आणि उजवा खांदा धरतो. मी माउस डावीकडे घेतला. पावसाळ्यात स्पेसबारखालची तार करकरायला लागली, ती काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. बटणं उपसून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, पण पूर्ण दिवस वाळू द्या. मी घाई केली आणि एन दोन दिवस चिकटत होता, म्हणजे ल आणि ळ दोन्ही गेले.

घ्यायचा असेल तर बटणांवर एस्केप १ च्या शेजारी आहे ना, ते आधी बघा. पीसी मांडणीचाही टाइप ५ असतो, त्यात ही मजा नाही. मी सुट्या भागांसाठी दुसरा शोधतोय. त्या पथारीवाल्या काकांना आठ पिनांच्या प्लगचा फोटो देऊन ठेवलाय, आणि दर रविवारी एक चक्कर असतेच.