दुसऱ्याच कुणाच्या झोपेचे रिपोर्ट: सी-पॅप मशीन घेताना झालेली माझी फसवणूक

सप्टेंबर २०२२ मध्ये मी झोपेच्या विकारासाठी एक मशीन विकत घेतले. नवे म्हणून विकलेले ते मशीन प्रत्यक्षात अनेक वर्षे वापरलेले होते, आणि पुढचे पाच महिने माझ्या नावाने डॉक्टरांकडे जे रिपोर्ट जात होते, ते माझे नव्हतेच. पैशांचे नुकसान मी कधीतरी विसरून गेले असते, पण त्या खोट्या आकड्यांवर विसंबून माझ्या औषधांत जे बदल झाले ते आठवले की आजही जीव घाबरा होतो. माझ्यासारखे मधुमेह, रक्तदाब आणि झोपेचा विकार एकाच वेळी सांभाळणारे पुष्कळ लोक आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मधुमेहाला बारा वर्षे झाली आणि रक्तदाबाच्या गोळ्या सहा वर्षांपासून चालू आहेत. २०२१ पासून सकाळी उठताच डोके जड होऊ लागले, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे, आणि दुपारी पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारता मारता शिक्का हातात तसाच धरून मला डुलकी लागत असे. घोरते म्हणजे झोप गाढ लागते, असेच आमच्या घरात समजले जाई. मात्र एका पहाटे यजमानांनी मला हलवून उठवले आणि म्हणाले, "अगं, तुझा श्वास मध्येच थांबतो. तो परत सुरू होईपर्यंत मी जागा राहून वाट बघत असतो." रक्तदाबाच्या गोळ्या तीनपर्यंत वाढवाव्या लागतील अशी चिन्हे बघून साताऱ्याच्या माझ्या फिजिशियननाही हीच शंका आली होती. त्यांनी मला पुण्यातल्या एका छातीविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले.

तिथे एक रात्र दवाखान्यात झोपवून तपासणी झाली. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांना तारा, छाती-पोटाभोवती पट्टे, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा आणि शेजारच्या खोलीत रात्रभर जागा असलेला तंत्रज्ञ, अशी ती स्लीप स्टडी असते. घशाच्या मागचा मऊ भाग झोपेत सैल पडून श्वासाची वाट बंद होते आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे असे प्रसंग तासाला सरासरी किती येतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. पाचच्या खालचा आकडा सर्वसाधारण आणि तीस किंवा त्याच्या वरचा तीव्र धरला जातो. माझा आकडा ४१ आला. रक्तातला प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट समजावून सांगितले, नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा देणारे सी-पॅप मशीन वापरायला सांगितले, आणि चिठ्ठीवर दाब ११ असा स्पष्ट लिहून दिला. कोणत्या दुकानातून घ्या, हे त्यांनी सांगितले नाही.

विक्रेत्याचा नंबर मला मिळाला तो पैसे भरायच्या खिडकीवरच्या मुलाकडून. पहिली चूक इथेच झाली. दवाखान्यात मिळालेला नंबर म्हणजे डॉक्टरांनीच दिलेला नंबर, असे मी मनाशी धरून चालले. विक्रेता दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला घरी आला. अतिशय अदबीने बोलणारा माणूस. "ताई, मशीन बासष्ट हजारांचे आहे, तुम्हाला चव्वेचाळीसमध्ये देतो. पक्के बिल हवे असेल तर कर वेगळा लागेल," असे तो म्हणाला. महिनाअखेर होती आणि मुलीच्या वसतिगृहाचे पैसे नुकतेच भरले होते. मी कच्च्या बिलावर तयार झाले. वीस हजार मोबाईलवरून पाठवले आणि चोवीस हजार रोख दिले. त्या कागदावर मशीनचा अनुक्रमांक नव्हता, दुकानाचा जीएसटी क्रमांक नव्हता, फक्त "सी-पॅप एक नग" एवढेच लिहिलेले होते.

खोके त्याने स्वतःच फोडले आणि तो रिकामे खोके बरोबर घेऊन गेला. हवा ओलसर ठेवण्यासाठी मशीनला असलेल्या पाण्याच्या भांड्याच्या तळाशी, कोपऱ्यात, नखाने खरवडला तर निघेल असा पांढरट थर मला त्याच दिवशी दिसला होता. किटलीच्या तळाशी बोअरच्या पाण्याचा साठतो तसाच क्षार. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की कारखान्यात पाणी घालून तपासतात, त्याचा डाग आहे. हे पटण्यासारखे नव्हते, तरी मी ते पटवून घेतले. घरात आलेल्या आणि आपल्याला ताई म्हणणाऱ्या माणसावर शंका घेण्याचा मला संकोच वाटला.

रोजच्या वापराच्या नोंदी साठवणारे मशीनमधले छोटे कार्ड त्याने पहिल्या महिन्यातच काढून नेले. "रिपोर्ट आम्हीच काढून थेट डॉक्टरांना पाठवतो, तुम्ही त्रास घेऊ नका," असे त्याने सांगितले आणि मला ती सेवाच वाटली. दर महिन्याला डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर एक सुबक रिपोर्ट जाऊ लागला. त्यावर माझे नाव होते, रोजचा वापर सहा-सात तासांचा होता आणि एएचआय होता २.३. ४१ वरून २.३ म्हणजे उपचार उत्तम लागू पडला, असाच अर्थ कोणत्याही डॉक्टरांनी घेतला असता.

माझी अवस्था मात्र पूर्वीसारखीच होती. डोके दुखणे थांबले नव्हते आणि दुपारची झोप आवरत नव्हती. मी तक्रार केली, तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या शक्यता तपासायला घेतल्या, आणि त्या क्रमात कुठेही हयगय नव्हती. थायरॉईड झाले, रक्तातले लोह झाले, मन उदास असते का याची चौकशी झाली. सगळे ठीक निघाले. मशीन नीट चालू असूनही काही रुग्णांना दिवसा झोप येत राहते आणि अशांना जागे राहण्यासाठी मोडाफिनिल नावाची गोळी देतात. ती मला नोव्हेंबरात सुरू झाली. या गोळीने काही जणांचा रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढतो. माझा रक्तदाब आधी १५०/९४ च्या आसपास असे, तो महिनाभरात १७०/१०४ वर गेला आणि छातीत धडधड होऊ लागली. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची तिसरी गोळी वाढवली. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलत होते, माझी फाईल दोघांकडे होती, आणि दोघेही २.३ या एकाच आकड्यावर उभे होते. तो आकडा खरा असता तर त्यांचा प्रत्येक निर्णय बरोबर ठरला असता. झोपेत माझा श्वास मात्र रोज अडतच होता, आणि वर मी हृदयावर ताण आणणारी गोळी घेत होते.

फसवणूक उघडकीला आली ती योगायोगाने. फेब्रुवारी २०२३ मध्ये डॉक्टर संगणकावर डिसेंबरचा रिपोर्ट बघत होत्या. पडदा माझ्या बाजूला वळलेला होता. रोजच्या वापराचे निळे उभे पट्टे ओळीने दिसत होते आणि त्यात एकही खंड नव्हता. ८ डिसेंबरच्या पट्ट्यावर ६ तास ५० मिनिटे असे लिहिलेले होते. त्या रात्री मी भाचीच्या लग्नासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला निघाले होते, डब्यातल्या वरच्या बर्थवर बसून होते, आणि मशीन साताऱ्यात गोदरेजच्या कपाटात बंद होते. ९, १० आणि ११ तारखेलाही मी घरी नव्हते. पट्टे मात्र होते. मी हे सांगितल्यावर डॉक्टर क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मशीन घेऊनच या."

मशीन घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या तंत्रज्ञाने आधी अनुक्रमांक पाहिला. रिपोर्टवरचा क्रमांक वेगळा आणि मशीनच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा वेगळा. पट्टीची कड थोडी वर आली होती. त्याने ती हळूच उचलली, तर खाली तिसराच क्रमांक असलेली जुनी पट्टी होती, तिचा अर्धा भाग खरवडून काढलेला. नंतर त्याने दोन बटणे एकत्र दाबून डॉक्टरांसाठीचा मेनू उघडला आणि मला पडद्यावरचा आकडा दाखवला. मशीन एकूण ९,८६० तास चाललेले होते. रोज सात तास धरले तरी ही जवळपास चार वर्षे होतात, आणि त्यातले माझे तास हजारसुद्धा नव्हते. दाब ११ असायला हवा होता, तो ६ वर कायमचा बांधून ठेवलेला होता. मशीनच्या स्वतःच्या नोंदीत माझा गेल्या आठवड्याचा एएचआय होता २७.

डॉक्टर म्हणाल्या, "मी कागद बघत राहिले, मशीन बघितले नाही. ही माझीही चूक आहे." त्यांनी हे इतक्या सरळपणे मान्य केले, म्हणूनच मी आजही त्यांच्याकडेच जाते. त्यांनी मोडाफिनिल त्याच दिवशी बंद केले. क्रमांकातली तफावत, चाललेले तास, बांधलेला दाब हे सगळे आपल्या कागदावर लिहून, सही-शिक्क्यानिशी मला दिले. पुढे या पत्राचा फार उपयोग झाला.

वापरलेले मशीन विकणे किंवा महिन्याच्या भाड्याने देणे यात गैर काही नाही. ते वापरलेले आहे असे सांगून, स्वच्छ करून, दाब बसवून दिले असते तर कदाचित मी तेही घेतले असते. पण क्रमांक झाकून दिलेल्या मशीनची पूर्वपीठिकाच कळत नाही. जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने अशी लाखो मशीन जगभरातून परत मागवली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासावाटे आत जाण्याचा धोका होता. आपले मशीन त्यातले आहे का, हे रुग्णांनी अनुक्रमांकावरूनच तपासले. माझ्या मशीनवर ज्याने खोटी पट्टी चिकटवली, त्याने माझा तो मार्गही बंद करून टाकला होता.

त्यामुळे मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला माझे हात जोडून सांगणे आहे की खोके आपण स्वतः फोडा आणि जपून ठेवा. त्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असते, ती वाचा. मशीन समोर सुरू करायला लावा आणि एकूण किती तास चालले आहे ते दाखवायला सांगा. नव्या मशीनचा आकडा शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असतो, आणि हे दाखवायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. अनुक्रमांक पक्क्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका. ते आपल्या हाताने डॉक्टरांकडे न्या, आणि शक्य असेल तेव्हा मशीनच पिशवीत घालून न्या. विक्रेता स्वतःच घरी तपासणी करून स्वतःच मशीन विकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. माझ्या या विक्रेत्याने यजमानांच्या बोटालाही एक रात्र चिमटा लावून "यांनाही मशीन लागेल" असे सांगितले होते. पुढे दवाखान्यात रीतसर तपासणी केली, तेव्हा त्यांना तसे काही निघाले नाही. आणि रिपोर्ट चांगला असूनही तुम्हाला बरे वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगा. मी एकदा तक्रार केली, पण नंतर तीन महिने गप्प राहिले, कारण कागदावर सगळे उत्तम दिसत होते आणि मला माझीच तक्रार खोटी वाटू लागली होती.

मार्चमध्ये दुसरे मशीन पक्क्या बिलाने घेतले. आता डॉक्टर दर भेटीत कार्ड माझ्यासमोर संगणकाला लावतात. दीड महिन्यांनी रक्तदाब १३८/८६ झाला आणि साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिसरी गोळी काढून टाकली. त्यात मशीनचा वाटा किती आणि मोडाफिनिल थांबल्याचा किती, हे वेगळे करून सांगता येत नाही, असे दोघेही म्हणतात. साखरेत फारसा फरक पडलेला नाही, ती पथ्यानेच सांभाळावी लागते. दुपारची झोप मात्र गेली.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा आधी तो रिपोर्टमध्ये टायपिंगची चूक झाली असेल म्हणाला, नंतर मुलगा नवा होता म्हणाला, आणि डॉक्टरांच्या पत्राचा फोटो पाठवल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. ही माहिती तिथूनच मिळाली. साताऱ्यातच दावा दाखल केला. रोख दिलेल्या चोवीस हजारांचा माझ्याकडे पुरावा नाही. मोबाईलवरून गेलेले वीस हजार, त्याचे व्हॉट्सॲपवरचे संदेश, ते रिपोर्ट, रेल्वेचे तिकीट आणि डॉक्टरांचे पत्र एवढे आहे. दावा अजून चालू आहे.

नोटीस मिळाल्यावर त्याने एका ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला की पंचवीस हजार परत देतो, तक्रार मागे घ्या आणि मशीन परत द्या. घरच्यांना ते पटत होते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मला पैशांची गरजही होती. पण मशीन त्याच्या हाती गेले की त्यावर नवी पट्टी चिकटणार आणि ते पुन्हा कुणाच्या तरी उशाशी जाणार, एवढे मला स्पष्ट दिसत होते. मी नकार कळवला. उचकटलेल्या पट्टीसकट ते मशीन पिशवीत बांधून, वर ९,८६० हा आकडा आणि तारीख लिहून, मी कपाटात ठेवले आहे.